मामीला कुणी विचारलं नाही

डब्लिनमध्ये हिवाळ्यात सकाळी साडेसहाला माझा गजर वाजतो तेव्हा मिरजेत दुपारचे बारा वाजलेले असतात. आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर अर्धा दिवस उलटून गेलेला असतो. या महिन्यातल्या एका सोमवारी डोळे चोळत फोन हातात घेतला तर ११४ मेसेज. छातीत धस्स झालं. परदेशात राहणाऱ्या माणसाला एकदम इतके मेसेज दिसले की पहिला विचार येतो, कोण गेलं? कुणी गेलं नव्हतं. मामेबहिणीच्या डोहाळजेवणाची तारीख ठरली होती आणि ओटी कुणी भरायची यावरून भांडण पेटलं होतं.

धाकटा मामा २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये गेला. मामीची ही एकुलती एक मुलगी, सातवा महिना चालू आहे. मुलीची ओटी आईने भरायची. पण आई विधवा, म्हणून ती थोरल्या मामींनी भरावी असं कुणीतरी सुचवलं आणि पाच-सात जणांनी लगेच 'योग्य' म्हणून टाकलं. तिथे पुण्याचा मामेभाऊ उसळला. त्याने मुद्दे क्रमांक घालून लिहिले. विधवेने ओटी भरल्याने गर्भाला अपाय होतो याचा एक तरी पुरावा द्या. कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते दाखवा. बायको गेलेल्या पुरुषाला असा कुठला नियम लागू आहे ते सांगा. तिन्ही प्रश्न बिनतोड. उत्तर कुणी दिलंच नाही. त्याऐवजी आलं ते असं: 'प्रत्येक गोष्टीत तर्क लावू नये, आमच्या भावनांचा प्रश्न आहे.' मग 'तुम्हाला आपल्याच रीती बऱ्या खुपतात.' ऐंशीव्या मेसेजपर्यंत गाडी शबरीमला, हिजाब करत दिल्लीला पोचली होती आणि ओटी मागेच राहिली होती.

मामी त्याच ग्रुपवर आहे.  तिने सगळं वाचलं असणार. ११४ मेसेजांत तिचा एकही नव्हता. आणि तिला विचारलेलाही एक नव्हता.

मी गेली चौदा वर्षं आयर्लंडमध्ये राहते. इथे धर्मावरचा एक मोठा वाद मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत जवळून पाहिला. त्या सोमवारी ऑफिसला जाताना लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्रॅममध्ये, बसून मी त्याच वादाचा विचार करत होते. आपल्याकडे धर्माचा वाद निघाला की एक बाजू म्हणते भावना मध्ये आणू नका, दुसरी म्हणते तर्क मध्ये आणू नका. दोघांचंही चुकतं असं मला वाटतं, आणि ते मला इथे राहून कळलं.

सविता हलप्पनवार हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. बेळगाव आमच्या मिरजेहून रेल्वेने तीनेक तासांवर. २१ ऑक्टोबर २०१२ ला ती गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा सतरा आठवड्यांची गरोदर होती. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भपात करा म्हणून विनवलं. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ च्या आठव्या दुरुस्तीने न जन्मलेल्या जिवाला आईच्या बरोबरीचा जगण्याचा हक्क दिलेला होता. आईच्या प्रकृतीला धोका असून भागत नव्हतं, जिवाला धोका असायला हवा होता. धोका जिवापर्यंत पोचला तोवर जंतुसंसर्ग सगळ्या अंगात पसरला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालात तिच्या प्रकृतीवर नीट देखरेख न ठेवल्याचा दोष आला, आणि ठोके थांबेपर्यंत हात लावायचा नाही यावर नको इतका भर दिला गेला असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मी तेव्हा नुकती इथे आले होते. आईचा रोज फोन यायचा, 'तिकडे बाळंतपण करू नकोस हो.' त्या काळात मी एक गोष्ट पहिल्यांदा नीट वाचली, ती म्हणजे कॅथलिक चर्चची या विषयावरची मांडणी. मला वाटलं होतं तिथे श्रद्धा असेल, भीती असेल, पापपुण्य असेल. सापडला तो तर्क, अगदी घोटीव. जीव गर्भधारणेपासून सुरू होतो, निरपराध जीव हेतुपुरस्सर घेणं केव्हाही वाईट, म्हणून गर्भपात केव्हाही वाईट. आईवर उपचार करताना गर्भ गेला तर तो हेतू नव्हता, परिणाम होता, म्हणून तो चालतो. शेकडो वर्षं हुशार माणसांनी घासूनपुसून तयार केलेली ही साखळी आहे, तिची एक कडी ओढून सहजी तुटत नाही. धर्म म्हणजे भावना आणि सुधारणा म्हणजे बुद्धी, हे जे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो, ते मला तिथे पहिल्यांदा खोटं वाटलं. गॉलवेच्या त्या खोलीत तर्क होता, घटनेचं कलमही होतं. नव्हती ती फक्त पलंगावरच्या बाईच्या बोलण्याला किंमत.

पुढे जे घडलं ते सावकाश घडलं, आणि मला त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे. २०१६ मध्ये इथल्या सरकारने नागरिक सभा नेमली. मतदारयादीतून वय, प्रदेश, स्त्री-पुरुष असं प्रमाण सांभाळून निवडलेले ९९ सामान्य लोक, आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. डब्लिनजवळ मालाहाइडच्या एका हॉटेलात ही माणसं शनिवार-रविवारी जमायची. डॉक्टर आले, कायदेपंडित आले, नीतिशास्त्राचे प्राध्यापक आले, दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. आणि ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला होता अशा काही बायकांच्या मुलाखती आवाजात मुद्रित करून सभेला ऐकवल्या. गर्भपात केलेल्या आणि वैद्यकीय निदान ऐकूनही गर्भ वाढवलेल्या, दोन्ही. मग गोल टेबलांवर चर्चा, मग गुप्त मतदान. ८७ टक्क्यांनी सांगितलं की आठवी दुरुस्ती आहे तशी ठेवू नये. राजकारण्यांना एवढ्या स्पष्ट कौलाची अपेक्षा नव्हती.

या क्रमाकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. त्या बायकांचा आवाज चालू असताना कुणी 'भावनिक होऊ नका' म्हणून थांबवलं नाही. आणि तो ऐकून झाल्यावर, आम्ही रडलो, आता निकाल लागला, असंही कुणी म्हटलं नाही. वकिलाला विचारलं की याचा कायदा कसा करायचा. डॉक्टरला विचारलं की किती आठवडे. भावनेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मानाने उभं केलं, शपथ देऊन बोलतं केलं, उलट प्रश्नही विचारले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर मात्र बसवलं नाही.

आठवी दुरुस्ती रद्द करायची का यावर सार्वमत २५ मे २०१८ ला झालं. मी आदल्या वर्षी इथलं नागरिकत्व घेतलं होतं, त्यामुळे मत देता आलं. त्या वसंतात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला पोस्टर होतं. 'नाही'वाल्यांचं एक पोस्टर मला आठवतं, इंग्लंडमध्ये पाचातलं एक मूल गर्भपातात जातं असं सांगणारं. आकडा, म्हणजे वरवर पाहता तर्क. पण आकड्याशेजारी गर्भाचं चित्र, आणि मोजताना आपोआप पडून गेलेले गर्भ धरले नव्हते यावरून वाद. आकड्याचे कपडे घालून भीतीही फिरते, हे तेव्हा नीट कळलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी दारावर एक सत्तरीच्या बाई आल्या. पावसाळी जाकीट, पाठीमागे रिमझिम. 'नाही'च्या प्रचारातल्या. हातात पत्रकं होती, पण मला त्यांनी पत्रक दिलं नाही, फोनमधला फोटो दाखवला. त्यांचा नातू, वय एकोणीस, डाऊन सिंड्रोम असलेला, ओट्याशी उभा. म्हणाल्या, 'आमच्या घरात चहा सगळ्यात चांगला हाच करतो. पोटात असताना सुनेला डॉक्टरने इंग्लंडला जायचा पर्याय सुचवला होता.' मी त्यांना आत बोलावलं, चहा विचारला. नको म्हणाल्या, अजून नऊ घरं करायची होती. जाताना म्हणाल्या, 'तू मत कुणालाही दे. पण मत देताना हा एकदा आठव.'

मी मत 'हो'ला दिलं. सविता आठवत होती आणि तो मुलगाही आठवत होता. आजही वाटतं की मत बरोबर दिलं. पण त्या बाईंनी मला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि माझ्या मतामुळे ते खोटं ठरत नाही. कुठल्या परिस्थितीत जगणं जगण्यासारखं आहे हे परक्याने ठरवू नये, असं त्या सांगत होत्या. सविताही तेच सांगत होती.

निकाल ६६.४ टक्के 'हो'. १९८३ मध्ये ही दुरुस्ती घटनेत घातली गेली ती ६६.९ टक्क्यांनी. पस्तीस वर्षांत देश जवळजवळ तेवढाच्या तेवढा उलटा फिरला. लोकांनी धर्म सोडला म्हणून हे झालं असं म्हणावं तर २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक लिहिलं होतं. याचा अर्थ स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्या कितीतरी हातांनी 'हो'वर खूण केली. मतदानोत्तर चाचणीत लोकांना विचारलं की मत ठरवताना कशाचा परिणाम झाला. सगळ्यात वर होतं प्रसारमाध्यमांतून ऐकलेलं माणसांचं आपबीतीचं बोलणं, ४३ टक्के. त्याखाली स्वतःच्या ओळखीच्या कुणाचा तरी अनुभव, ३४ टक्के. पोस्टरं बरीच खाली.

डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात एका पबच्या भिंतीवर सविताचं मोठं चित्र काढलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. लोक रांगेने चिकटचिठ्ठ्या लावत होते, रंगीबेरंगी, शेकड्यांनी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच शब्द, 'माफ कर'. माझ्या पुढची मुलगी विशीतली असेल. तिने चिठ्ठी लिहिली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे आणखी एक सार्वमत झालं, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. घटनेतला ईशनिंदेचा गुन्हा काढून टाकायचा का? ६४.८५ टक्के लोकांनी काढा म्हणून सांगितलं. २००९ च्या कायद्यात या गुन्ह्याला २५,००० युरोपर्यंत दंड होता, आणि गुन्ह्याची एक खूण अशी की त्या धर्माच्या बऱ्याच मोठ्या संख्येने अनुयायांना संताप आलेला असावा. २०१५ मध्ये अभिनेते स्टीफन फ्राय एका मुलाखतीत म्हणाले होते की देव असलाच तर मी त्याला विचारीन, लहान मुलांना हाडांचा कॅन्सर देणारं जग तू बनवलंसच कसं? एका प्रेक्षकाने पोलिसांत कळवलं. २०१७ मध्ये तपासाची बातमी फुटली आणि थोड्याच दिवसांत फाइल बंद झाली, कारण संतापलेली माणसं पुरेशी सापडली नाहीत. तक्रारदार एकच, आणि तोही म्हणाला की मी स्वतः दुखावलो नाही, कायदा मोडला असं वाटलं म्हणून सांगितलं.

मला या गोष्टीत आपल्या सगळ्या वादांची गुरुकिल्ली दिसते. दुखावलेला एकही माणूस समोर नाही आणि तरी दुखावल्याचा गुन्हा नोंदवता येतो. आपल्याकडे तर या भाषेचा कायदाच शंभरीला आला. लाहोरच्या एका पुस्तिकेवरून पंजाब पेटला, प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडलं, म्हणून १९२७ मध्ये भारतीय दंड संहितेत २९५ अ कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. त्यात नागरिकांच्या एखाद्या 'वर्गाच्या' धार्मिक भावना असा उल्लेख आहे. बुद्धिपुरस्सर, दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं. तेव्हाच्या कायदेमंडळात जिनांनी बजावलंही होतं की इतिहासाचा शोध घेणारा आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा यात भरडला जाऊ नये. पण कायद्याने भाषा दिली ती वर्गाची, बहुवचनाची, आणि तीच आपल्या तोंडी बसली. 'आमच्या भावना दुखावल्या.' कुणाच्या? आमच्या. म्हणजे नक्की कुणाच्या? हा प्रश्न विचारणंसुद्धा भावना दुखावणारं.

आपली स्वतःची रीत मात्र अशी नव्हती. वारकरी संतांनी विठ्ठलाशी जेवढं भांडण केलं तेवढं फ्राय यांनी स्वप्नातही केलं नसेल. जनाबाईने त्याला 'विठ्या' म्हणून शिव्याशाप दिले. चोखोबांना महाद्वाराच्या आत घेतलं नाही, तर त्यांनी देवालाच विचारलं की तुझा असूनही मी बाहेर का? ही भावनाच होती, कढत भावना. पण प्रत्येक अभंगाच्या शेवटी काय आहे पाहा. चोखा म्हणे. तुका म्हणे. नामयाची जनी. शेवटच्या ओळीत सही. हे मला वाटतं, मी सांगतोय, माझ्या नावावर मांडा. साताठशे वर्षांपूर्वीच्या एका मोलकरणीने आपल्या दुःखाखाली आपलं नाव लिहिलं. तिच्या त्या ओळी आजही दिंडीत टाळांवर म्हटल्या जातात आणि कुणी कुणाला अडवत नाही, कारण त्यातलं दुःख तिचं स्वतःचं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

'आमच्या भावना' या शब्दांखाली सही नसते. पण पुण्याच्या माझ्या भावाने जे क्रमांक घालून लिहिलं त्याखाली तरी कुणाची सही होती? तो तर्क त्याचा होता, ओटी त्याची नव्हती.

१८९१ च्या संमतिवयाच्या वादात हेच झालं होतं. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधातून मेली आणि संमतीचं वय दहावरून बारा करण्याचा कायदा पुढे आला. पुण्यात शास्त्रार्थाचा धुरळा उडाला. रा. गो. भांडारकरांनी ग्रंथांच्या आधाराने दाखवलं की शास्त्र आडवं येत नाही. टिळकांचा मुद्दाही तर्काला धरून होता, परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये. पुणेकरांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आगरकरांना आपण कठोर बुद्धिवादी म्हणतो, पण बालविधवांबद्दल लिहिताना त्यांच्या शब्दांना जी धार येते ती तर्कशास्त्रातून आलेली नाही. ती पाहिलेल्या दुःखातून आलेली आहे, तर्काने फक्त तिला मूठ दिली.

आणि या सगळ्या थोर पुरुषांच्या आधी एक बाई बोलून गेली होती. रखमाबाई, मुंबईची, अकराव्या वर्षी लग्न झालेली. नवऱ्याकडे नांदायला जायला तिने नकार दिला, दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये दावा लावला, आणि १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या सहीने तिने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली. बालविवाहाने माझं शिक्षण कसं हिरावलं, मला कसं एकटं पाडलं, हे तिने स्वतःवरून सांगितलं. १८८७ मध्ये न्यायालयाने फर्मावलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंग चालेल. शेवटी दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परत आली. तिच्या पत्रांत तर्क आहे, शास्त्राचा विचार आहे, पण पाया 'मी' हा आहे. त्या वादात बाकी सगळे तिच्याविषयी बोलत होते.

यावर एक आक्षेप माझ्या मनातच येतो. माणसाची आपबीतीही रचलेली असू शकते, एका हुंदक्याने सभा फिरवणारे लोक आपण पाहिलेत. शिवाय ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय? त्या सत्तरीच्या बाई नेमकं हेच विचारत होत्या, पोटातल्या जिवाची साक्ष कोण देणार? याला माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही. म्हणूनच साक्षीनंतर उलटतपासणी लागते, आणि तिथे मला तर्क हवाच आहे, कडक हवा आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. ज्याच्या अंगावर येतं त्याला आधी बोलू द्या, त्याच्या नावानिशी बोलू द्या, आणि मग तर्काने ते तपासा. आपण तपासणी आधी करतो, साक्षीदाराला बोलवायचं विसरतो.

बोलण्याची किंमत आपल्याकडे किती भारी पडू शकते हे मी विसरलेले नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं ते शांतपणे सांगत होते की जादूटोणाविरोधी कायदा देवाधर्माच्या विरोधात नाही. इथून मला कुणाला 'धीटपणे बोला' म्हणून सल्ला द्यायचा काही हक्क नाही. पण आयर्लंडचं जे झालं ते आपल्याकडे होणारच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हेरवाड दाखवते. शिरोळ तालुक्यातलं हे गाव आमच्या मिरजेपासून फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कोविडने घराघरात तरुण विधवा केल्या होत्या, गावाने त्या रोज डोळ्यांसमोर पाहिल्या होत्या. मालाहाइडच्या गोल टेबलांवर जे झालं त्याची जात हीच. आपल्याला ते नवीन शिकायला नको, ग्रामसभा आपल्याकडे आहे.

आमच्या ग्रुपवर हेरवाडचा दाखला पुण्याच्या भावाने दिलाच होता, मुद्दा क्रमांक चार म्हणून.

मी त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, मागे कुकरची शिटी. म्हटलं, "मामी, ओटीचं तुला काय वाटतं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, सकाळपासून सगळे माझ्याबद्दलच बोलायलेत. तू पहिली विचारलीस." मग आणखी थांबून, "भरायची तर आहे ग. माझी पोर आहे. पण भरली आणि काही बरंवाईट झालं, तर जन्मभर माझ्या हाताचं नाव होईल. दुसऱ्यांचं सोड, माझ्याच मनात राहील. मला त्याचं भ्या वाटतं."

हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्या बुद्धिवाद्यांकडे या भीतीला जागा नव्हती, कारण पुरावा नाही म्हणजे भीती नाही. रीत सांभाळणाऱ्यांकडे तिच्या इच्छेला जागा नव्हती. तिच्यात दोन्ही होतं. पुरावा नाही हे तिलाही ठाऊक आहे, ती बी.एस्सी. झालेली बाई आहे.

मी म्हटलं, हे ग्रुपवर सांगशील? आढेवेढे घेतले. रात्री तिने आवाजातला मेसेज टाकला, चाळीस सेकंदांचा. सुरुवात स्वतःचं पूर्ण नाव घेऊन केली, रेडिओवर बोलावं तशी. 'मला माझ्या मुलीची ओटी भरायची इच्छा आहे. आणि मला भीतीपण वाटते. तुम्ही भांडू नका. मला आणि माझ्या लेकीला दोन दिवस द्या, आम्ही सांगतो.' एवढंच. त्यानंतर ग्रुपवर रात्रभर एकही मेसेज नाही. सकाळी पुण्याच्या भावाने लिहिलं, 'काकू, मी आधी तुम्हाला फोन करायला हवा होता.' थोरल्या मामींनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्यांनी तिला फोन केला आणि दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते आम्हा कुणाला माहीत नाही.

डोहाळजेवण पुढच्या रविवारी, सकाळी अकराला. ओटी कोण भरणार ते मामी आणि तिच्या मुलीने ठरवलंय म्हणे, अजून सांगितलेलं नाही. काल मामीचा मेसेज आला, व्हिडिओ कॉलवर तू हवीस, तुझ्याकडे पहाटेचे साडेपाच असतील, गजर लावून ठेव. लावलाय.